‘सोबत कोण’ हा रकाना

बुधवारी सकाळी सव्वाअकरा वाजता मंदा गेली. मी तेव्हा हॉस्पिटलच्या खाली झेरॉक्सच्या दुकानात तिच्या आधार कार्डाच्या प्रती काढत होतो. वर आलो तेव्हा नर्सने फायलीवर वेळ लिहिलेली होती. मंदा म्हणजे माझी पत्नी. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

नगरहून आम्ही तिला गावी आणलं. मुलगा प्रशांत चाकणहून थेट आला. साडेचारला घरून निघालो आणि पाच वाजता प्रशांतने अग्नी दिला. शाळेचा सगळा स्टाफ आला होता. मागे, बाभळीजवळ उभ्या असलेल्या बायकांत मॅरिसेल होती, एवढं मला आठवतं. पांढरा कुर्ता, हातात जपमाळ. बाकीचं फारसं आठवत नाही.

माझ्या बॅगेत त्या दिवशी एक पत्र होतं. टाइप केलेलं, खाली सहीसाठी जागा सोडलेली. बुधवारी दुपारी संस्थेच्या चेअरमनची त्यावर सही घ्यायची, असं मी आदल्या सोमवारी ठरवलं होतं. ते पत्र मॅरिसेलचं होतं. तिच्या व्हिसाला अकरा दिवस उरले होते.

इथे माझं काम सांगायला हवं. मी एका निवासी शाळेत मराठी शिकवतो आणि ग्रंथालय सांभाळतो. शाळा नेवासे तालुक्यात, घोडेगावपासून आठ-नऊ किलोमीटरवर. आमच्या संस्थेने एका शिक्षक-विनिमय योजनेत भाग घेतला आणि फिलिपिन्समधल्या एका लहान बेटावरून मॅरिसेल आमच्याकडे इंग्रजी शिकवायला आली. वय चौतीस, उंची आमच्या नववीच्या मुलींएवढी. मुलं तिला ‘मारी मॅडम’ म्हणायची. परदेशी शिक्षक आला की त्याच्यामागे कागद येतात. हे काम इंग्रजी वाचणाऱ्या आणि कशाची घाई नसलेल्या माणसाला द्यायचं असं ठरलं, आणि ते माझ्याकडे आलं.

कागद तीन प्रकारचे. पहिला फॉर्म सी. परदेशी माणूस ज्याच्या जागेत राहायला येतो, त्याने ते एका दिवसाच्या आत पोलिसांना ऑनलाइन कळवायचं. दुसरा नोंदणीचा आणि मुदतवाढीचा. व्हिसा संपण्याआधी पोर्टलवर अर्ज करायचा, त्याला संस्थेच्या प्रमुखाचं पत्र जोडायचं. ‘या बाई आमच्याकडे काम करतात, त्यांची वागणूक चांगली आहे, आम्हाला त्या अजून हव्या आहेत,’ एवढाच त्या पत्राचा अर्थ. पण ते पत्र नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. माणसाला बॅग भरावी लागते.

तिसरा कागद सरकारी नव्हता. तो चेअरमनांनी सुरू केला होता. परदेशी बाई खेड्यात राहणार, काही झालं तर जबाबदारी कोणाची, म्हणून त्यांनी हालचाल नोंदवही ठेवायला सांगितली. मॅरिसेल फाटकाबाहेर गेली की वहीत लिहायचं. तारीख, निघाल्याची वेळ, कुठे, कशासाठी, सोबत कोण, परतल्याची वेळ. तोंडी नियम असा की सोबत कोण हा रकाना कोरा राहता कामा नये.

पहिल्या आठवड्यातच अडचण आली. महिला शिक्षकांना आपापली घरं होती, मुलं होती. सुट्टीच्या दिवशी मॅरिसेलबरोबर बाजारात फिरायला कोणाला सवड नव्हती. मी घरी हे सांगितलं. मंदा ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, “मी जाते की. मला तरी कुठं कोन हाय बोलाया.”

मंदाला इंग्रजी येत नव्हतं. ती सातवी शिकलेली. मॅरिसेलला मराठी येत नव्हतं. तरी त्या दोघी दर आठवड्याला बाहेर पडायच्या. मॅरिसेल तिला ताई म्हणायची. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तर मॅरिसेलला फार आवडायचं. तिथे रंगवलेली शिंगं, गोंडे, म्हशींच्या रांगा. एकदा तिने पाहिलं, दोन माणसं टॉवेलखाली हात धरून उभी आहेत आणि दोघंही दुसरीकडेच बघतायत. जनावराचा सौदा इकडे असाच होतो, बोटांच्या खुणांनी, बाकीच्यांना आकडा कळू नये म्हणून. मॅरिसेलने विचारलं हे काय. मंदा म्हणाली, म्हशीचं लग्न जमवतायत. मॅरिसेलने ते खरं मानलं आणि सोमवारी वर्गात सांगितलं. मुलं तास संपेपर्यंत हसत होती.

मॅरिसेलला तिन्ही त्रिकाळ भात लागायचा आणि मासळीवाचून तिला चैन पडायचं नाही. मंदाने आठवडी बाजारात तिला सुकट दाखवली. त्यावर दोघींची मैत्री पक्की झाली. आमच्या स्वयंपाकघरात सुकटीची चटणी व्हायची, मॅरिसेल त्यावर व्हिनेगर ओतायची आणि मंदा कपाळाला हात लावायची. नंतर मंदाही ओतायला लागली. शाळेची सहल खर्ड्याच्या किल्ल्यावर गेली तेव्हाही मंदा सोबत होती. तटावर बसून दोघींनी दशम्या खाल्ल्या. भंडारदऱ्याला जायचं पुढच्या हिवाळ्यात ठरलं होतं.

आणि मॅरिसेल मराठी बोलायला लागली. मी तिला पुस्तकं दिली होती, ती तिने नीट कव्हर घालून ठेवली. मराठी मात्र ती मंदाकडून शिकली. त्यामुळे फिलिपिन्सची ही बाई मुख्याध्यापकांना म्हणायची, “आज लई ऊन हाय, सर.” मुख्याध्यापक पुण्याचे. त्यांना हसावं की दुरुस्त करावं कळायचं नाही.

मी माझ्या परीने काम चोख केलं होतं. मॅरिसेल येण्याआधी मी बारा पानांची माहितीपुस्तिका तयार केली. चपला कुठे काढायच्या, कोणाला काय म्हणून हाक मारायची, वीज कधी जाते, सापाचं काय करायचं, हळदीकुंकवाला काय करायचं, लग्नाला काय नेसायचं. चेअरमनांनी ती पुस्तिका संस्थेच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवली होती. मला तिचा थोडा अभिमान होता.

शुक्रवारी, तिसऱ्या दिवशी, राख सावडून आम्ही घरी आलो. अंघोळी झाल्या. मी ओट्यावर बसलो होतो. मुख्याध्यापकांचा फोन आला. ते आधी तब्येतीची चौकशी करत राहिले. मग म्हणाले, या वेळी सांगू नये, पण सांगावंच लागतंय. चेअरमन मॅरिसेलच्या पत्रावर सही करणार नाहीत.

घडलं ते असं. बुधवारी स्मशानभूमीतून सगळे आपापल्या घरी गेले. आपल्याकडे मयतीहून सरळ घरी यायचं, कोणाच्या उंबऱ्याला शिवायचं नाही, अंघोळ करायची, मग बाकीचं. हे कोणी शिकवत नाही. लहानपणापासून अंगात असतं. मॅरिसेल मात्र स्टाफपासून मागे राहिली, आणि वाटेत चेअरमनांच्या बंगल्यात शिरली.

चेअरमनांना गाव अण्णा म्हणतं. त्यांच्या नातीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे हळद दळायचा मुहूर्त होता. लग्नघरात जात्याची पूजा करतात, सवाष्णी जमून हळकुंडं दळतात, गाणी म्हणतात. तीच हळद पुढे नवरीला लागते. मुहूर्त आधीच काढलेला असल्याने तो हलवता आला नव्हता, आणि लग्नघरातलं कोणी मयतीला जात नसतं, म्हणून अण्णांकडचं कोणी आलंही नव्हतं. मॅरिसेल सरळ आत गेली, पुढच्या सोप्यात जात्यापासून चार हातांवर बसली. अण्णांच्या पत्नी आक्का, त्यांनी तिला पाणी दिलं. ती प्यायली. कोणीतरी विचारलं, कुठून आलात मॅडम. ती म्हणाली, “ताईला पोचवून आले.”

जातं थांबलं. हळद उकिरड्यावर गेली. घर धुतलं. ब्राह्मणाला विचारून दुसरा मुहूर्त काढला. नवरी मुलगी रडून आजारी पडली. मुख्याध्यापक म्हणाले, गावात आता दुसरं बोलणंच नाही. कोणी म्हणतं तिला कळत नाही, कोणी म्हणतं मुद्दाम केलं. अण्णा म्हणाले, बाईंची वागणूक चांगली आहे असं मी कोणत्या तोंडाने लिहू? मुदत संपली की जाऊ दे.

मी विचारलं, मॅरिसेलला हे माहीत आहे का. ते म्हणाले, तिला एवढंच कळलंय की काहीतरी चुकलं. ती दोन दिवस खोलीतून फक्त वर्गात आणि तुमच्या घरी जातेय.

ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी येत होती. आपल्याकडे दुःख झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. हेही मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तरी ती डबा घेऊन आली. डब्यात भात आणि सुकट. व्हिनेगर नव्हतं. डबा ठेवून ती बायकांत बसायची, ओठ हलवत माळ ओढायची, तासाभराने उठायची.

शनिवारी मी शाळेच्या शिपायांना, भिमामामांना, फोन केला आणि हालचाल नोंदवही घेऊन या म्हणालो. अर्जाला पूर्ण मुक्कामाचा तपशील जोडावा लागतो, तो मला तयार करायचा होता. सही मिळो न मिळो, बाकी कागद पुरे असावेत, एवढाच तेव्हा विचार होता. खरं सांगायचं तर मला काहीतरी लिहीत बसायचं होतं.

भिमामामांनी वही ओट्यावर ठेवली आणि ते लांब उभे राहिले. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. घोडेगाव, बाजार, सोबत सौ. मंदा. नेवासे, बँक, सोबत सौ. मंदा. घोडेगाव. शनी शिंगणापूर. खर्डा. घोडेगाव. पहिली काही पानं माझ्या अक्षरात होती, पुढची मॅरिसेलच्या. तिने ‘ताई’ असं देवनागरीत लिहायला शिकून घेतलं होतं. वेलांटी आधी उलटी यायची, चौथ्या पानापासून सुलटी.

शेवटची नोंद बुधवारची होती. ती तिने स्वतः केली होती, कोणी सांगितलं नसताना. निघाल्याची वेळ चार चाळीस. कुठे, स्मशानभूमी. सोबत कोण या रकान्यात लिहिलं होतं, ताई. कशासाठी या रकान्यात जागा पुरली नव्हती, म्हणून बारीक इंग्रजी अक्षरात समासापर्यंत लिहिलं होतं. परतल्याची वेळ सहा वीस, आणि त्यापुढे एक शब्द. एकटी.

समासातलं मी तीनदा वाचलं. मग वही मिटली. संध्याकाळी मॅरिसेल आली तेव्हा तिला ओट्यावर बसवलं आणि विचारलं.

ती अर्धं इंग्रजीत, अर्धं मंदाच्या मराठीत बोलली. त्यांच्याकडे मयताच्या घरून किंवा दफनावरून कोणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं. चहाचं दुकान, पेट्रोल पंप, कोणाचं घर, काहीही चालतं. माणसं असली पाहिजेत. थोडं बसायचं, काही प्यायचं, मग घरी. याला ते पगपग म्हणतात, म्हणजे झटकणं. सरळ घरी गेलं तर गेलेलं माणूस आपल्या मागोमाग येतं. त्याला आपल्याशिवाय वाट माहीत नसते. आपण थांबलो की त्याला कळतं, हे आपलं घर नाही, आणि ते पुढच्या वाटेला लागतं.

“मी चहाच्या टपरीत बसनार हुते,” ती म्हणाली. “टपरी बंद. सगळी दुकानं बंद.”

ती मंदासाठीच बंद होती. गावातल्या शिक्षकाची बायको गेली म्हणून दुकानदारांनी संध्याकाळपर्यंत शटर ओढली होती. उघडं दार गावात एकच होतं. तिथे दिवे होते, गाणी होती, माणसं होती.

मी तिला आमची रीत सांगितली. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. नवरी आजारी पडल्याचं ऐकून ती उठून उभी राहिली, आत्ताच जाऊन माफी मागते म्हणाली. मी तिला बसवलं. त्या दारात पुन्हा जायची ही वेळ नव्हती.

मग तिने विचारलं, “मी गेले तर दहावीचं कोन घेनार?” तिच्या वर्गात एकोणतीस मुलं होती. बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली, आईबाप त्याच महिन्यात कारखान्याकडे कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहायला गेलेले. आधीचे इंग्रजीचे शिक्षक जूनमध्ये बदली घेऊन गेले होते. परीक्षेला चार महिने होते.

आता चेअरमनांशी बोलायचं कसं, हा प्रश्न होता. मला सुतक होतं. दहा दिवस मी कोणाच्या घरी जाऊ शकत नव्हतो, लग्नघरी तर नाहीच. अण्णाही माझ्याकडे येऊ शकत नव्हते. लग्नघरातला माणूस दुःखाच्या घरी जात नाही. फोनवर मी प्रयत्न केला. त्यांनी माझं सांत्वन केलं आणि पत्राचा विषय काढताच म्हणाले, ते लग्नानंतर बघू. लग्नानंतर म्हणजे व्हिसा संपल्यावर. मी म्हणालो, अण्णा, दहा मिनिटं द्या, शाळेच्या मैदानावर, उघड्यावर. मी लांब उभा राहीन. ते म्हणाले, आक्कालाही आणतो. तिच्यासमोरच काय ते बोला.

रविवारी दुपारी त्यांची गाडी मैदानावर आली. शाळेला सुट्टी होती. लिंबाखाली दगडी पार आहे. मी पाराच्या या बाजूला उभा राहिलो. अण्णा गाडीतून उतरून त्या बाजूला थांबले. आक्का आतच बसल्या, काच खाली करून. आमच्यात पंधरा फूट अंतर असेल. आम्हा तिघांची ओळख वीस वर्षांची. मंदा आणि आक्का एकाच भजनी मंडळात होत्या.

अण्णा म्हणाले, “सर, तुमच्यावर राग न्हाई. पण घरात बायकांचं मन मोडलंय. नातीला कायतरी कमीजास्त झालं तर लोक जन्मभर बोलतील. मी सही केली तर घरात तोंड दाखवायला जागा नाही.”

मी पगपग वगैरे काही समजावलं नाही. मास्तरकीची सवय आहे, समजावायला लागलो की थांबता येत नाही. मी फक्त म्हणालो, नोंदवहीत तिने त्या दिवसाचं लिहिलंय, ते तुम्हाला वाचून दाखवतो.

“वाचा,” आक्का गाडीतून म्हणाल्या.

मी इंग्रजीचं मराठी करत वाचलं. ‘ताईंना पोहोचवायला. येताना एका घरी थांबले. सरळ खोलीवर आले असते तर ताई माझ्यामागे आल्या असत्या. त्यांना पुढे जायचं आहे. मला त्यांना सोडायचं नव्हतं, पण थांबले.’ मग सोबत कोण तेही वाचलं. परतल्याची वेळ वाचली. शेवटचा शब्द वाचला आणि वही बंद केली.

आक्कांनी पदर तोंडावर धरला आणि काढला.

“पानी मीच दिलं तिला,” त्या म्हणाल्या. “डोळं सुजल्यालं हुतं. म्हनलं, घरची आठवन आली आसंल पोरीला.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तिकडं मंग घरी जाऊन न्हात न्हाईत व्हय?”

मी म्हणालो, ते मी विचारलं नाही.

“अगं, पण हळद,” अण्णा म्हणाले.

“हळद दुसरी दळली न्हवं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “सर, मयतीवरनं कुठं जायाचं न्हाई, हे तिला कुनी सांगितलं हुतं का?”

“नाही.”

“बारा पानं लिवून दिली हुती ना तुमी?”

“त्यात ते नव्हतं.”

“मंग चूक कुनाची?”

“माझी.”

“व्हय,” आक्का म्हणाल्या. त्यात राग नव्हता. वर्गात उत्तर बरोबर आलं की आपण म्हणतो तसं त्या म्हणाल्या. मग समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, “मंदीनं सांगितलं आसतं तिला. सगळं तीच सांगायची. पन त्या दिशी ती कशी सांगंल.”

एवढं मला चार दिवसांत सुचलं नव्हतं. मॅरिसेलला इथली जी रीत कळत होती, ती माझ्या पुस्तिकेमुळे कळत नव्हती. चपला कुठे काढायच्या ते माझ्या पानावर होतं, पण चपला काढताना बाजूला उभी मंदा असायची. त्या बुधवारी रकान्यात नाव होतं, माणूस नव्हतं.

आक्का नवऱ्याला म्हणाल्या, “सही करा. पोरांच्या परीक्षेत तिला घालवू नका. नातीला मी सांगते काय सांगायचं ते.”

मी पत्र पारावर ठेवलं, वर दगड ठेवला आणि मागे सरलो. अण्णा पुढे आले, दगड बाजूला केला, गाडीच्या बॉनेटवर पत्र ठेवून स्वतःच्या पेनने सही केली. परत पारावर ठेवलं, परत दगड ठेवला, आणि मागे गेले. मग मी ते उचललं. कागद हातातून हातात गेला नाही. त्यांच्या घराचा सोवळेपणा राहिला आणि माझं काम झालं.

जाताना आक्का म्हणाल्या, “तुमाला आवतन देता येत न्हाई, सर. तिला मात्र लग्नाला यायचं म्हनावं. न्हाऊन.”

पुढचं किरकोळ. पत्रावर मुख्याध्यापकांनी शाळेचा शिक्का मारला, तो अण्णांच्या सहीवर थोडा चढला. पोर्टलवर स्कॅन केलेली फाइल ठरावीक आकाराहून मोठी चालत नाही. आमची मोठी होती. लहान केली तर सही पुसट दिसायला लागली. भिमामामांच्या पुतण्याचं कम्प्युटरचं दुकान आहे, त्याने तिसऱ्या प्रयत्नात जमवलं. सोमवारी दुपारी अर्ज गेला. मुदत संपायच्या दोन दिवस आधी, मंदाचा दहावा उरकून आम्ही नदीवरून आलो तेव्हा, मोबाईलवर मेल आलेला होता. मे अखेरपर्यंत मुदतवाढ.

लग्नाला मॅरिसेल गेली. मी नव्हतो, मला नंतर भिमामामांनी सांगितलं. आपण अंघोळ करून आलोय हे सगळ्यांना दिसावं म्हणून ती डोक्यावरून न्हाऊन, केस न पुसता गेली. साडीच्या पाठीवर पाण्याचा ओघळ. मांडवाच्या दारात आक्कांनी तिला पाहिलं आणि त्या हसत सुटल्या. मग स्वतःच्या हाताने तिला टॉवेल दिला. नवरीने तिला जवळ बसवून फोटो काढला.

जानेवारीत दहावीची सहल भंडारदऱ्याला निघाली. मॅरिसेलचं नाव यादीत होतं. आदल्या दिवशी तिने नोंदवही माझ्या टेबलावर आणून ठेवली. तारीख, वेळ, ठिकाण तिने भरलं होतं. सोबत कोण हा रकाना तिने सोडला होता. मी पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं. धरणाच्या भिंतीवर तिने डबा उघडला. भाकरी तिनेच केली होती. मंदाच्या भाकरीचा काठ एका बाजूला जाड राहायचा. हिच्याही भाकरीचा राहिला होता.

दहावीच्या परीक्षा झाल्या आणि मेच्या शेवटी ती गेली. एकोणतीसपैकी सत्तावीस मुलं इंग्रजीत पास झाली. मुख्याध्यापकांनी तिच्या निरोपाला भाषण केलं. तिने उत्तर दिलं ते मराठीत, आणि ते मंदाचं मराठी असल्याने मी मध्येच ग्रंथालयात जाऊन कपाटाला कुलूप लावून आलो. कपाट आधीच बंद होतं.

संस्थेत यंदा दुसरे परदेशी शिक्षक यायचे आहेत. मी पुस्तिका पुन्हा काढली आणि तेरावं पान जोडलं. वर लिहिलं, ‘गावात कोणी वारले तर.’ खाली सहा ओळी आहेत. पाहुण्याला लग्नाला कसं जायचं ते आपण पहिल्या दिवशी सांगतो. मयतीला कसं जायचं ते सांगायचं राहून जातं, आणि तिथेच त्याला आधी जावं लागतं. माझ्या नोकरीत मी शिकलेली ही एक गोष्ट. पुस्तिका वाचून कोणाला रीत कळेल असं मला आता वाटत नाही. पण पान असावं.

मॅरिसेलचे महिन्यातून एक-दोनदा व्हॉइस मेसेज येतात. “सर, जेवला का? बाजारला गेल्ता का?” मी ते एकदा ऐकतो. काही ठेवून दिले आहेत.

नोंदवही ग्रंथालयात माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. तिची सात पानं कोरी आहेत. प्रशांत चाकणला असतो, घरी मी एकटा असतो. त्या बुधवारी स्मशानभूमीतून मी, आमच्या रीतीप्रमाणे, सरळ घरी आलो होतो. वाटेत कुठेही थांबलो नव्हतो.